जाड अक्षरांतलं नाव

नेरळच्या बाजारात फ्लेक्सच्या दुकानात झिनत गेली बारा वर्षं कॉम्प्युटरवर बॅनर बनवत होती. वाढदिवस, बालवाडी, कुल्फीची गाडी, सगळ्यांना एकच अक्षर हवं असायचं: जाडजूड, गोलमटोल, उड्या मारणारं. दिवसभर ते पाहून तिचे डोळे शिणायचे आणि मनही.

एका दुपारी भिवपुरीकडच्या आनंदीबाई नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या. दहाव्याचा बॅनर हवा होता. झिनतने नेहमीची सरळ, साधी अक्षरं दाखवली. म्हातारीने भिंतीवरच्या वाढदिवसाच्या बॅनरकडे बोट केलं.

“तसं काढ गं.”

“मावशी, ते पोरांच्या वाढदिवसाचं अक्षर आहे. लोक हसतील.”

“हसू देत. माजी नजर गेली. तेवढंच जाड आता मला वाचता येतंय, आन् त्यांचं नाव मला वाचायचं हाय.”

झिनतने गोल अक्षरांत ‘सदू’ लिहिलं, रंग तेवढा काळा ठेवला. आनंदीबाईंनी स्क्रीनला नाक लावून दोन्ही अक्षरं मोठ्याने वाचली आणि छापलेला बॅनर काखेत मारून गेल्या.

संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. “ताई, भावकीत शोभा होईल. सरळ अक्षरात दुसरा काढा.”

झिनतने दुसरा काढला. तो न्यायला मुलगा आला तेव्हा तिने विचारलं, “पहिल्याचं काय केलंत?”

“आई देत नाय. तिच्या खाटेसमोर लावलाय.”

झिनतने मान हलवली आणि पुढच्या वाढदिवसाचं काम उघडलं. त्या दिवशी अजून चार बाकी होते.