वरची मूठ

भोरला एसटी स्टँडमागे आमची गल्ली आणि गल्लीच्या तोंडाशी आमच्या जुन्या वाण्यांचं किराणा दुकान. काटा बरोबर झाला तरी त्यांचं समाधान होत नाही. पुडी बांधण्याआधी वर एक मूठ टाकतात आणि म्हणतात, "ही माझी."

चौकशीही अशीच, न मागता मिळते. मला मधुमेह झाल्याचं कळल्यापासून साखर मागितली की त्यांचा हात डब्यावरच थांबतो. "मास्तर, परवाच नेली की! एवडी कुनाला लागती?"

म्हणून मी मोबाईलवर किराणा मागवायला लागलो. ओझं उचलायला नको आणि कुणी काही विचारत नाही. तांदळाचा वास घेता येत नाही, इंद्रायणी म्हणून काहीही गळ्यात पडतं, हे खरं. पण साखर काय, कुठलीही गोडच.

परवा दोन किलो मागवली. मी नेमका किकवीला गेलेलो. घराला कुलूप बघून आणणाऱ्याने पिशवी ठेवली ती त्यांच्याच दुकानात.

संध्याकाळी मान खाली घालून पुढे सटकत होतो, तेवढ्यात हाक आली. "मास्तर, तुमचं पार्सल आलंय!"

त्यांनी पिशवी काट्यावर ठेवली, चष्मा सारखा करून आकडा पाहिला. "वजन बरोबर हाय. पर वरची मूठ न्हाई घातली त्यांनी."

मी ओशाळून हसलो. त्यांनी मागच्या डब्यात हात घातला, पुडी बांधली आणि पिशवीत टाकली. "ही माझी."

घरी येऊन पुडी सोडली. मूठभर मेथ्या होत्या.