चपला काढून उतरणारा

त्याला मी रोज शिव्याच घातल्या, नाव कधी विचारलं नाही. कृष्णेतली वाळू ट्रकात भरायला येणारा तो मजूर. खाली उतरताना देवळात चालल्यासारखा चपला काढून काठावर ठेवायचा आणि मग खोऱ्यानं नदीच पोखरायचा. त्या सोंगाचा मला लय राग यायचा. खालची वाळू गेली की वरचा काठ ढासळायचा. त्याच काठावर मी माझ्या बायकोला अग्नी दिला होता. कड आता त्या जागेपासून चार हातांवर आली होती.

एकदा मी त्याच्या ट्रकापुढं आडवा बसलो. म्हटलं, "वर धरण बांधलंय. नवी वाळू आता येणार कुठनं रं? माझी बायको हितं जळलीया!"

त्यानं पाटी खाली ठेवली. "आवं तात्या, माझी आई जळली ती जागा त्याच धरणाच्या पाण्याखाली हाय. मला तर तिथं जाताबी येत न्हाई."

त्या दिवसापासनं त्यानं तेवढ्या काठाखाली खोरं लावलं नाही. आठवड्यात ट्रकवाल्यानं त्याला हाकललं. त्याच्या जागी दुसरे दोघं आले. चपला घालूनच खाली उतरले आणि नेमकं तिथनंच सुरू केलं.