लाल पेन्सिलीच्या रेघा

नातीने लाल पेन्सिलीला टोक काढलं आणि त्या लाकडी वासासरशी मला पुसदचं साठ सालाच्या आसपासचं वाचनालय आठवलं. मी तिथे पुस्तकं द्यायच्या टेबलावर बसत असे. खून, भुयारं आणि मुखपृष्ठावर ओलेती बाई असल्या रहस्यकथांनी गाव बिघडतं अशी ओरड झाली, म्हणून तीन वडीलधाऱ्यांची समिती नेमली. त्यांनी अख्खा उन्हाळा घाम पुसत ती पुस्तकं तपासली आणि वाईट मजकुराला लाल रेघा मारून गठ्ठा माझ्याकडे धाडला. तेवढी पानं मी कापून काढायची होती. पण बातमी फुटली आणि दुसऱ्याच दिवशी दारात ही रांग! "बाई, लाल रेघवालं द्या," जो तो म्हणे. खून कोणी केला याच्याशी कुणालाच देणंघेणं नव्हतं. संध्याकाळी कीर्तनात पहिल्या रांगेत बसणारे समितीचे अध्यक्ष स्वतः आले. मी घाबरून कात्री शोधू लागले, तर ते हळूच म्हणाले, "बाकीच्या दोघायनं कुठं कुठं रेघा मारल्या, ते पाहू द्या बरं मले. माह्या नजरेतून काही सुटलं असन." ही गोष्ट मी आज नातीला रंगवून सांगितली, रेघांसकट तो गठ्ठा दारात रांग लागायच्या आधीच माझ्या घरी चार दिवस राहून आला होता, एवढं मात्र गाळलं.