दोन अंड्यांपुढची टिक

सोमवार, चौदा जुलै. त्या दिवशी यवतमाळच्या दवाखान्यात हजर – आहारतज्ज्ञ मॅडम, माझा धाकटा भाऊ सुधाकर, त्याची मुलगी स्वाती आणि मी. सुधाकरच्या आहाराच्या तक्त्यातलं खोटं चौघांपैकी दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक आता नाही. उरले मी, आणि मी ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे.

सुधाकरला लिव्हर सिरॉसिस होता. दारूनेच झालेला. बायको आधीच वारलेली. स्वातीला शब्द देऊन त्यानं दारू सोडली आणि दिग्रसला माझ्याकडे राहायला आला. मॅडमनी तक्ता दिला – मीठ कमी, पण खाणं भरपूर. रोज दोन अंडी, दूध, घट्ट वरण, झोपण्याआधी पोटात काहीतरी. या आजारात अंगावरचं मांस झडतं, उपाशी ठेवू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं. मी तक्ता फ्रिजवर चिकटवला. अंगणवाडीत वीस वर्षं मुलांची वजनं लिहिते मी. पोषण म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

पण माझा त्याच्यावर विश्वास नव्हता. सतरा वेळा सोडून सतरा वेळा धरलेली दारू – तुम्ही तरी ठेवला असता? मी त्याचे शर्ट हुंगायची. त्याच्या बाटलीतलं पाणी चाखून बघायची. आणि एक विचार डोक्यात बसला, तो उठेचना – अंगात ताकद आली, की हा चालत दुकान गाठेल. अशक्त राहिला, तर घरात राहील.

म्हणून मी – लिहितेच आता – अंडी बंद केली. मग दूध अर्ध्यावर आणलं. वरणाचं फक्त वरचं पाणी. रात्रीचं खाणं नाहीच. आणि तक्त्यावर रोज टिक. सगळ्या रकान्यांत, निळ्या पेनानं, एकही दिवस न चुकता.

"ताई, मले भूक लागून राह्यली," तो म्हणायचा.

"लिव्हरले आराम पाह्यजे," मी सांगायची.

"वा! लिव्हरले आराम, अन् मले उपास," म्हणून तो हसायचा. बहिणीच्या घरी राहणारा माणूस आणखी किती मागणार?

मग शेजारणीनं सांगितलं, सुधाकर रोज संध्याकाळी देशीच्या दुकानापाशी दिसतो. झालं. खरं सांगू? मला बरं वाटलं. माझा संशय बरोबर निघाला ना! मी लगेच मारेगावला स्वातीला फोन केला – तुझे बाबा पुन्हा प्यायला लागले.

त्या सोमवारी मॅडमनी टेपनं त्याचा दंड मोजला, मग तक्ता पाहिला. एवढं खाऊन हात असे काडीसारखे? चोरून पिता का, त्यांनी सरळ विचारलं. सुधाकरनं तक्त्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. एका वाक्यात त्याला मला उघडं पाडता आलं असतं. मलाही एका वाक्यात त्याला सोडवता आलं असतं.

"चुकलं, मॅडम," एवढंच तो म्हणाला.

स्वाती उठून बाहेर गेली. नंतर ती त्याच्याशी बोलली नाही. दिवाळीच्या आत तो गेला.

तेरवीनंतर बाजारात रशीदभाई भेटले. त्यांची उकडलेल्या अंड्यांची गाडी त्या देशीच्या दुकानाला लागूनच उभी असते. "आपा, भाई रोज आते थे," ते म्हणाले. "दो अंडे, बिना नमक के. दुकान की तरफ तो देखते भी नहीं थे."

घरी येऊन मी तक्ता फ्रिजवरून काढला. फाडला नाही. चार वर्षं झाली.

दर सोमवारी मी कामांची यादी करते आणि राहिलेलं काम पुढच्या यादीत उतरवते. आजच्या यादीत दळण झालं, गॅसचा नंबर लावून झाला, अंगणवाडीचं रजिस्टर झालं. शेवटची ओळ मागच्या यादीतून जशीच्या तशी उतरवली आहे – मारेगावला जाऊन स्वातीला सांगणे, बाबा पीत नव्हते; त्यांना मी उपाशी ठेवलं होतं.

तिच्यापुढे टिक नाही.