फटकळकाकांकडे आलेली घरचीच तक्रार

आमच्या काकांना सगळे फटकळकाका म्हणतात. जीभ फटकळ आहे हे एक कारण, आणि फटी शोधणं हा त्यांचा धंदा आहे हे दुसरं. पहिलं कारण जास्त लोकांना ठाऊक आहे.

काका म्हणजे पॅनेलच्या घरांचे डॉक्टर. दोन फळ्यांच्या मधे वीतभर जाड फोम चिकटवलेला असतो, आणि अशी तयार पॅनेलं एकाला एक जोडून ही घरं उभी करतात. घर आठवड्यात उभं राहतं आणि दोन वर्षांत मालक रडायला लागतो. भिंतीला घाम फुटतो, छताची कड मऊ पडते. मालक पावसाला शिव्या देतो आणि काका मालकाला.

"पाऊस कशाला येतोय आत? तुमच्याच किटलीची वाफ आहे ही! सांध्यात शिरली, बाहेरच्या गार फळीला टेकली, पाणी झाली. दोन वर्षं आपलंच छत शिजवताय तुम्ही."

तपासणीला काका थंडीच्या सकाळी जातात, घर आतून गरम असताना. मनगट ओलं करून सांध्यांवरून सावकाश फिरवतात. गार लागेल तिथे खडूची खूण. मग बाहेरून फळीत दाभण टोचून बघायचं. ते विनातक्रार आत गेलं की फळी कुजली म्हणून समजायचं.

बहुतेक घरांचं दुखणं एका शब्दात असतं. पॅनेल खाचेत जाऊन घट्ट झालं की फोरमन ओरडतो, "बसलं!" आणि सांध्याजवळ पेन्सिलीने तसं लिहितो, म्हणजे बाकीच्यांनी पुढचं पॅनेल उचलायचं. सांध्यात फोम भरणं, त्यावर आतून पट्टी चिकटवणं ही कामं मागाहून करायची असतात. मागाहून ती कुणी करत नाही, कारण बसलं असं भिंतीवरच लिहिलेलं असतं.

"बसतं तर कुत्रंही," काका म्हणतात. "भरलं का, ते सांग."

मी त्यांची पुतणी. फोन घेणं, तक्रारींची वही ठेवणं आणि त्यांचे अहवाल सभ्य भाषेत आणणं ही माझी कामं. अहवालातली शेवटची ओळ मात्र काकांनी स्वतः घालून घेतली आहे: बसवणाऱ्याचं नाव. इतर तपासनीस 'कामात त्रुटी' एवढं लिहून मोकळे होतात. काकांना नाव लागतं. चूक आपोआप होत नाही, कुणीतरी केलेली असते, असं त्यांचं म्हणणं. या एका ओळीपायी त्यांनी निम्म्या शहराशी वाकडं घेतलंय.

आता काकूचं सांगते. काका-काकूंचं घरही पॅनेलचंच, अकरा वर्षांपूर्वी काका फोरमन असताना त्यांनीच उभं केलेलं. काकूच्या उशाशी भिंत आणि छत जिथे मिळतात, तिथून गार वारा येतो असं ती पहिल्या हिवाळ्यापासून सांगत आली. काकांनी एकदाही मान वर करून पाहिलं नाही. "भास आहे तुझा. घर मी बांधलंय." पुढे काकूचा खांदा आखडला, तर काका म्हणाले, "वय झालं." काकू डोक्याला रुमाल बांधून झोपू लागली. मीसुद्धा तिला एक शाल नेऊन दिली, चांगली लोकरीची, आणि आपण फार समजूतदार आहोत असं मला वाटलं. त्या शालीची आता लाज वाटते.

यंदा थंडी सुरू झाली आणि काकूने बॅग भरली. बहिणीकडे जाणार होती, आणि तेही कायमची. भांडण नाही, आदळआपट नाही. मला फक्त म्हणाली, "वहीत एक तक्रार लिही. पत्ता इथलाच घाल. बायको म्हणून सांगून झालं, आता गिऱ्हाईक म्हणून सांगते. याही वेळी ह्यांनी भास म्हटलं, तर दुपारच्या गाडीने मी चालले."

मी लिहिलं: शनिवार, सकाळी आठ. तक्रारदार, गृहिणी.

शनिवारी काकांनी वही दोनदा वाचली. "हा काय चावटपणा?"

"गिऱ्हाईकाला वेळ दिलीय, काका."

दिलेली वेळ काका चुकवत नाहीत, हे मानलं पाहिजे. हत्यारांची पेटी उचलून ते घराबाहेर पडले, दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली.

"या," काकू म्हणाली.

दाराशीच तिची भरलेली बॅग होती. बॅगेला वळसा घालून काका आत आले आणि नेहमीचे प्रश्न सुरू केले.

"किती दिवस त्रास आहे, बाई?"

"अकरा वर्षं."

"मग इतके दिवस कुणाला दाखवलं नाहीत?"

"दाखवलं की. मोठा जाणकार होता."

"काय म्हणाला?"

"भास आहे म्हणाला."

"गाढव असणार," काका सवयीने बोलून गेले. मग त्यांचे कान लाल झाले. मी वहीत तोंड खुपसलं.

पलंगावर चढून त्यांनी मनगट ओलं केलं आणि सांध्याला लावलं. ते पुसून परत ओलं केलं, परत लावलं. मग कडेची लाकडी पट्टी उचकटली. आत खाच रिकामी होती, फोमचा थेंब नाही. शेजारी पेन्सिलीने ठसठशीत लिहिलं होतं, 'बसलं'. त्यावरचा अनुस्वार म्हणजे वाटोळं शून्य होतं. असा अनुस्वार फक्त काका काढतात.

"त्या दिवशी फोम संपला होता," काकू खालून म्हणाली. "उद्या भरू म्हणालात."

"तुला अजून आठवतं?"

"थंडी वाजली की आठवतं."

काका पलंगावरून उतरले. "माझं चुकलं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

दिवसभर ते राबले. सांध्यावर वीतवीत अंतराने भोकं पाडली, एकातून सोडलेला फोम पुढच्यातून डोकावेपर्यंत भरत गेले. वाळल्यावर तो कापून सपाट केला, वर पट्टी बोटांनी दाबून चिकटवली. बाहेर दाभण टोचलं तर कोपऱ्यातली हातभर फळी गेलेली होती. ती काढून नवी घातली. दुपारची गाडी कधीच निघून गेली होती. तिचं नाव कुणी काढलं नाही.

संध्याकाळी मी अहवाल पुढे ठेवला. शेवटच्या ओळीपाशी काकांचं पेन थांबलं.

"ही ओळ राहू दे," ते म्हणाले. "घरचंच काम आहे."

"आजवर जगाच्या कामाला नावं ठेवलीत," काकू म्हणाली. "आता एक नाव लिहा."

काकांनी लिहिलं, वडिलांच्या नावासकट पूर्ण. काकूने कागद वाचला, घडी घातली आणि बॅग उचलली. काकांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

"ही माळ्यावर टाक," ती मला म्हणाली. मग कपाटातून ती शाल काढून तिने माझ्या अंगावर घातली.

"मला कशाला, काकू?"

"असू दे. तुझंही घर ह्यांनीच बांधलंय ना?"