माईंचा अडकित्ता

माझ्या सासूबाईंना, म्हणजे माईंना, जगात एकही गोष्ट पसंत नव्हती. साताऱ्याहून वाशीला आमच्याकडे राहायला आल्या, त्या दिवशी गॅलरीतून खाडीकडे बघत म्हणाल्या, "ही म्हणे नवी मुंबई! चिखलात खोकी मांडल्यात नुसती." आणि अडकित्ता काढून सुपारी कातरायला बसल्या. तोंडात सुपारी आणि जिभेवर कुणाची तरी निंदा, एवढाच त्यांचा दिवसभराचा उद्योग.

माझ्या पहिल्या खेपेला पाय सुजले, तेव्हाही त्याच ठसक्यात म्हणाल्या, "सुजनारच. त्याला दवाखाना कशाला? आमी काय बाळंत झालोच न्हाई?" पुढे प्रेशर भलतंच चढलं, मला झटके आले, मूल गेलं. मला त्यांचा भयंकर राग आला आणि तो मी लपवला नाही. माई खाली मान घालून सुपारी कातरत राहिल्या.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिसरा महिना सरताच ॲस्पिरिन लिहून दिलं. रोज पाव गोळी.

"हे नवीनच आहे, खात्री देत नाही," त्या म्हणाल्या. "पण यावेळी तुमचं प्रेशर चढू नये म्हणून द्यावंसं वाटतं. एक दिवसही चुकवू नका."

"डोकेदुखीची गोळी!" माई कडाडल्या. "हिचं डोकं कुठं दुखतंय? आन् उष्ण किती ती! एवढं शिकून ह्येच सुचलं व्हय त्या बाईला?"

गोळ्या आता केरात जाणार, असं मी धरूनच चालले. पण सकाळी मी सुरीने केलेला गोळीचा चुरा पाहून त्या आणखीच भडकल्या. "पाव गोळी कातरता येईना, आन् संसार करत्यात!" मग अडकित्ता पुसून त्यांनी दुसऱ्या गोळीचे सारखे तुकडे केले. "घे, तुझ्या डॉक्टरनीचा प्रसाद." रोज हा प्रसाद आणि रोज डॉक्टरीणबाईंचा उद्धार, असं चाललं.

त्याच सुमारास त्यांची सुपारी बंद झाली. विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्या वाशीतली सुपारी? भुसा नुसता!" वाशीवर आणखी एक ठपका, म्हणून मी सोडून दिलं.

प्रेशर ताब्यात राहिलं. मुलगी झाली, टाहो फोडत. माईंनी तिला न्याहाळलं. "नाक बसकं हाय," म्हणाल्या. मग कमरेच्या पिशवीतून अडकित्ता काढून माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "जा, कोपऱ्यावरनं सुपारी आन."

"आई, तो भुसा ना?"

"आन म्हणते न्हवं! आता गोळी कातरायची न्हाई. इतके दिस ह्याच अडकित्त्यानं सुपारी कातरली आस्ती, आन् गोळीसंगं तिचा कण हिच्या पोटात गेला आस्ता, म्हंजे?"

सुपारी आली. माईंनी कातरली, तोंडात टाकली, डोळे मिटून घेतले.

"भुसाच हाय," म्हणाल्या, आणि दुसरं खांड उचललं.