मिटलेली छत्री

देवी येऊन गेल्या आणि धाकट्या बहिणीच्या चेहऱ्यावर खड्डे ठेवून गेल्या. अकोल्याच्या डॉक्टरनं तेजाबासारखं औषध लावून वरची कातडी काढली. खालून कोवळी, गुलाबी कातडी आली.

"सहा महिने ऊन लागू देऊ नका," त्यानं आम्हां दोघींना, आईला आणि मला, बजावलं.

पण आई ऐकते कुठली! गुण औषधाचा नव्हे, मातेचा. नवस आधी फेडायचा. भर दुपारी, अनवाणी, मेडशीच्या माळावरल्या मातेच्या ठाण्यापर्यंत. मी बहिणीवर छत्री धरली.

"मीट ते छत्री! मातेपुढं कोनी छत्री धरून जाते काय?"

महिन्याभरात तिचा चेहरा काळवंडला, कायमचा. आईला तिनं कधी बोल लावला नाही. मला मात्र एकदा विचारलं, "ताई, डॉक्टरचं तूबी आयकलं होतं ना?"

ऐकलं होतं. छत्री मीच मिटली होती.